चौदा माणसांचं वर्षाचं धान्य घरच्या रानातून : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२०२० च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या गावी आलो ते महिन्याभरासाठी, आणि राहूनच गेलो. घरात मामंजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, तीन भाऊ, आम्ही तिघी जावा, पाच लेकरं आणि एक आजेसासूबाई, अशी चौदा माणसं. नऊ एकर कोरडवाहू, एक विहीर, आणि सगळ्या रानात सोयाबीन. सोयाबीन विकायचं आणि त्या पैशांत किराणा भरायचा, हे चक्र आमच्याही घरात वीस वर्षं चाललं होतं. धान्य साठवायच्या कणग्या होत्या, पण त्यांत रिकामे डबे ठेवलेले.

आता चौथ्या वर्षापासून ज्वारी, डाळी, तेल, तिखट, चिंच आणि वाळवणं घरची आहेत. गहू थोडा, तांदूळ, साखर, चहा आणि मीठ विकतचं. पहिल्या दोन वर्षांत मी एवढ्या चुका केल्या की त्यांचीच एक कणगी भरेल. शहरातून गावाकडे परतणारी माणसं मला सारखं विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाण्याखालची बागायत असेल तर यातलं निम्मंच तुमच्या कामाचं.

१. आधी ताट मोजा, मग रान

सगळे उलटं करतात. दोन एकर रिकामं आहे म्हणून दोन एकर ज्वारी. मीही असंच उलटं केलं होतं. मग जाऊबाईंनी एक सोपी गोष्ट सुचवली : पंधरा दिवस डब्यातून काढलेलं प्रत्येक पीठ, डाळ, तेल वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहायचं. आमचे आकडे असे निघाले :

ज्वारी रोज अडीच किलो, म्हणजे वर्षाला नऊ क्विंटलच्या थोडं वर.
गहू रोज एक किलो.
तुरीची डाळ रोज साडेचारशे ग्रॅम. वर्षाला एकशे पासष्ट किलो डाळ, म्हणजे सव्वादोन ते अडीच क्विंटल तूर.
मूग, मटकी, उडीद, हरभरा मिळून रोज अडीचशे ग्रॅम.
तेल रोज पाव किलो, वर्षाला नव्वद किलो.

तुमचे आकडे वेगळे येतील. कुणाकडे भात जास्त, कुणाकडे पोळी. अंदाजाने लिहू नका. आत्याबाईंचा अंदाज होता रोज पाच किलो ज्वारी, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सुगीतले गडी होते.

एक खड्डा इथेच सांगते. गावात माप पायलीने सांगतात. चार शेरांची पायली हे खरं, पण ज्वारीची पायली आणि तुरीची पायली वजनाला सारखी भरत नाही, आणि शेजारच्या गावातली पायली आपल्या पायलीएवढी असेलच असं नाही. "दहा पायल्या मूग देते" असं कुणी म्हणालं तर आनंदाने घ्या, पण वहीत किलोच लिहा.

२. कागद, माती, पाणी

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगते. जवळ असू द्या :

सातबारा आणि आठ अ, दोन्ही ताजे.
वाटणी झाली असेल तर त्याचा फेरफार. "तोंडी वाटणी झाली आहे" याला कागदावर किंमत नाही.
विहीर सामाईक असेल तर हिश्शाची नोंद. पाण्याची पाळी कुणाची कोणत्या दिवशी, हे निदान घरातल्या घरात लिहून ठेवा.
आधार, आधार जोडलेलं बँक खातं, आणि शेतकरी ओळख क्रमांक. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर ठिबक, ताडपत्री, अवजारं कशासाठीही अर्ज करायचा तर हे लागतंच.
मातीचा नमुना. उन्हाळ्यात रान रिकामं असताना इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्यायची. आठ-दहा ठिकाणची एकत्र करून त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात द्यायची.

ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकांची सरकारी नोंद, मोबाइलवर स्वतः करा आणि घरच्यासाठी पेरलेली अर्धा एकर ज्वारीही तीत लिहा. आम्ही पहिल्या वर्षी सरसकट सोयाबीन लिहून मोकळे झालो. पुढे पावसाने ज्वारी आडवी पडली तेव्हा कागदावर आमच्या रानात ज्वारी नव्हतीच.

३. घरच्या खाण्याचं रान वेगळं काढा

नऊ एकरांपैकी साडेचार एकर आम्ही "घरचं" म्हणून ठेवतो. बाकी सोयाबीन आहेच. शाळेची फी ज्वारीने भरता येत नाही.

खरिपात मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात. थांबा. पाऊण ते एक वीत ओल खाली गेल्याशिवाय, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीचं बियाणं घरच्या कणगीतूनच जातं.

एका एकरात मूग-उडदात तुरीच्या ओळी टाकतो. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. तुरीसाठी बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ घ्या. लवकर येते आणि मर रोगाला दाद देत नाही. लातूरच्या बोरसुरी तुरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला तिच्या वरणाची बरोबरी नाही, पण नवख्याने आधी बीडीएन लावावी आणि मग हौस करावी असं माझं मत.

दुसऱ्या एकरात नुसता मूग आणि मटकी. पोळ्याच्या आसपास रान मोकळं होतं आणि तिथेच पुढे रब्बी ज्वारी बसते. मुगाच्या शेंगा एकदम काढायची वाट बघू नका. काळ्या झाल्या की दोन-तीन तोडण्यांत हाताने तोडा. भाद्रपदातल्या पावसात झाडावर राहिलेल्या शेंगेतच मोड येतात. मोडाची उसळ चांगली लागते, पण ती स्वयंपाकघरात.

रब्बीची ज्वारी दोन एकर, एकरी चार किलो बियाणं, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. भारी काळ्या रानात परभणी मोती, मध्यमात मालदांडी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा भरतो. बियाणं तिथून आणलं तर पिशवीवर लिहिलेलं तेच आत निघतं. जालन्याकडे कुणी नातलग असेल तर त्यांच्याकडून मूठभर दगडी ज्वारी मागून घ्या.

ज्वारीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे पाखरं. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरं वाटून खायची. आता चारी बाजूंना हरभरा आणि मधे तुमचा एकटीचा अर्धा एकर हिरवागार कणसांचा, म्हणजे पंचक्रोशीतल्या चिमण्यांना आमंत्रण. पहिल्या वर्षी आमच्या अर्ध्या एकरातून दीड पोतं ज्वारी आली आणि ती राखायला दोन लेकरांची शाळा बुडाली. उपाय दोनच. एक, शेजाऱ्याला तयार करून लागून रानं पेरा, तीही त्याच आठवड्यात. दोन, दाणा चिकात आल्यापासून हुरडा संपेपर्यंतचे वीस-पंचवीस दिवस कुणीतरी माळ्यावर बसणार आहे का, हे पेरायच्या आधी ठरवा. आमच्याकडे मामंजी बसतात. गोफण त्यांची, रेडिओही त्यांचा.

ज्वारीच्या कडेने चार ओळी करडई घाला. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. शिवाय तेलासाठी एक एकर करडई वेगळी. काढणी पहाटे, दंव असताना करा. काटे मऊ असतात. नऊ वाजता काढायला गेलेली बाई पुन्हा तुमच्या रानात कामाला येणार नाही.

गहू आम्ही पेरतच नाही. त्याला चार-पाच पाणी द्यावं लागतं, आणि तेवढं पाणी विहिरीत असेल त्या वर्षी भाजीपाला जास्त उपयोगी पडतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. ते बघितलेल्या जिल्ह्यात गव्हाची हौस विकत भागवावी.

४. परसबाग दोन गुंठ्यांपुरती

चौदा माणसांना दोन गुंठे पुरतात, रोज कुणीतरी त्यात जात असेल तर. न्हाणीचं पाणी तिकडे वळवा. वांगी, गवार, भेंडी, दोडका, घेवडा, मेथी, कोथिंबीर, चुका, अंबाडी. मिरची थोडी जास्त. कढीपत्ता, शेवगा, लिंबू आणि एक कडुलिंब कडेला हवाच. कडुलिंब कशाला ते सहाव्या पायरीत कळेल.

बांधावरचं फुकटचं विसरू नका. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, तरवटा, कुंजर. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला फुटवे फुटतात, आणि खुडलेला पाला सावलीत वाळवून ठेवला की मे महिन्यात ताकातली भाजी होते. गवार आणि भेंडी चिरून, कारल्याच्या चकत्या मीठ लावून, वांगी उभी चिरून वाळवा. आजेसासूबाई म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात घरात वाळकी भाजी होती म्हणून ताटात काहीतरी पडत होतं.

गुरं असतील तर एक धोका लक्षात ठेवा. ज्वारी काढल्यावर धसकटांना पाऊस पडून कोवळे फुटवे येतात. ते गाईने खाल्ले तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि घटकाभरात जनावर जातं.

५. दाणा वाळवणं : इथेच सगळे फसतात

पहिल्या वर्षी चार पोती तूर घरात आली. रास झाली त्या दिवशी आम्ही फोटो काढले. पोती शिवून माडीवर रचली. जूनमध्ये आत्याबाईंनी एक पोतं उसवलं आणि हात घातला तर हाताला पीठ लागलं. दाण्यादाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक, आणि तपकिरी भुंगे पोत्याच्या तोंडातून भिंतीवर चढत होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पोतं ओढत अंगणात नेलं आणि कोंबड्या सोडल्या.

घर स्वच्छ असून भुंगा कुठून आला? रानातूनच. तो उभ्या पिकाच्या शेंगांवर अंडी घालतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी समजा. दाण्यात ओल असेल तर घरात आल्यावर ती वाढतच जातात. म्हणून कणगीच्या आधी ऊन.

कसं वाळवायचं ते सांगते. ताडपत्रीवर किंवा कोब्यावर दोन बोटं जाडीचा थर द्या. काळ्या मातीवर नको, माती दाण्यात बसते आणि खाली ओल राहते. दर तासाभराने पायाने पाळी घाला. लेकरांना हे काम आवडतं. सूर्य कलायच्या आत गोळा करून झाका, नाहीतर दिवसभराचं वाळवलेलं पहाटेचं दंव पिऊन टाकतं. ज्वारीला चार कडक उन्हं, कडधान्याला पाच-सहा.

वाळलं की नाही हे दोन प्रकारे बघा. दाताखाली दाणा धरा : कट्ट वाजून दोन तुकडे झाले तर वाळला, दबला तर नाही. दुसरी रीत काचेच्या कोरड्या बाटलीची. बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ घालून दोन-चार मिनिटं जोरात हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात अजून बरीच ओल आहे. मीठ मोकळं राहिलं म्हणून लगेच भरायला घेऊ नका. या परीक्षेत फार ओला दाणा तेवढा उघडा पडतो. कडधान्याला दाताची परीक्षा हवीच.

आणखी एक चूक आम्ही तिसऱ्या वर्षी केली. चार वाजता उन्हातून गोळा केलेली गरम ज्वारी तशीच पत्र्याच्या कोठीत भरून झाकण घट्ट लावलं. रात्री पत्रा गार झाला, आत घाम सुटला, वरची वीतभर ज्वारी बुरसली. वाळलेला दाणा रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी भरा.

भुईमुगाच्या शेंगांवर किंवा दाण्यांवर बुरशी दिसली तर "वरवरची आहे, भाजून खाऊ" असं करू नका. ते विष भाजल्याने जात नाही. गुरांनाही देऊ नका.

६. कणगी, कोठी, पिशवी

घरात जुनी कणगी असेल तर टाकू नका. आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून पूर्ण वाळवा. बळद (वाड्यात बांधून काढलेली धान्याची कोठी) किंवा पेव (धान्याचं जमिनीखालचं तळघर) असलेले वाडे आता कमी. असेल तर ओल तपासल्याशिवाय त्यात दाणा घालू नका. बोअर आणि सिमेंटचे रस्ते आल्यापासून जमिनीतली ओल पूर्वीच्या जागी राहिलेली नाही. मागे एका घरी मी पेव उघडताना पाहिलं होतं. तोंड उघडल्यावर तासभर कुणी आत उतरलं नाही, आधी कंदील सोडला. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि तिने माणसं दगावतात. कंदील विझला तर कुणीच उतरायचं नसतं.

नवख्याने पत्र्याची कोठी किंवा जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या घ्याव्यात. पिशवीतला दाणा आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात, आणि किडे तिथेच मरतात. अट एकच, पिशवीला भोक नको. म्हणजे उंदीर नको. म्हणजे मांजर हवं. कोठ्या जमिनीवर टेकवू नका, खाली फळ्या घाला, आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. म्हणजे मागे झाडता येतं.

आमचा क्रम असा :

ज्वारी : कोठीच्या तळाशी सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, मग दाणा, दर हातभरावर पुन्हा पाल्याचा थर.
मूग, मटकी, उडीद : चाळलेली, पूर्ण गार झालेली गोवऱ्यांची राख दाण्यात चोळून. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हिंडायला जागा राहत नाही. खायच्या आधी पाखडून धुऊन घ्या.
गहू : क्विंटलला पाव ते अर्धा लिटर एरंडेल तेल चोळून.
बियाणं : वेगळ्या डब्यात, वर कापड बांधून नाव आणि वर्ष लिहिलेलं. खायचं आणि पेरायचं एका कोठीत ठेवलं तर पेरायचंही खाऊन होतं.

गावात कुणीतरी तुम्हाला धान्यात टाकायच्या गोळ्या आणून देईल. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका. ओल लागली की त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांना मारतो. त्याला औषध नाही. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, मामंजींचंही ऐकलं नाही.

दर अमावस्येला प्रत्येक कोठीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर कीड किंवा ओल आहे. त्याच दिवशी बाहेर काढून ऊन द्या. हवाबंद पिशवी मात्र विनाकारण उघडू नका, तिला बाहेरूनच भोकं पडली आहेत का ते बघा.

७. तुरीची डाळ करून ठेवा

अख्ख्या तुरीला भुंगा जेवढा लागतो तेवढा डाळीला लागत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच डाळ करून मोकळं व्हा. चार-पाच पायल्यांपुरतं घरचं दगडी जातं बरं : तूर जाड भरडून साल फुटली की तेलाचा हात लावायचा, दोन-तीन उन्हं द्यायची, पाण्याचा हबका मारून रात्रभर झाकून ठेवायची, पुन्हा वाळवून दळायची. चव अशी की वरण करताना शेजारी विचारतात. पण अडीच क्विंटल जात्यावर काढायची तर तिघी जावा भांडून वेगळ्या होतील. बहुतेक तालुक्याच्या गावी मिनी डाळ मिल असते. अकोल्याच्या विद्यापीठाने बनवलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल बचत गटांकडेही दिसते. आम्हाला क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ मिळते. चुनी आणि साल परत मागून घ्या. ती गुरांची आहे, मिलवाल्याची नाही.

८. तेल

करडई घाण्यावर न्या. आमच्या अनुभवात क्विंटलला २४ ते २८ किलो तेल निघतं, म्हणजे नव्वद किलो तेलाला साडेतीन-पावणेचार क्विंटल करडई. सगळी एकदम गाळू नका. तेल खवट होतं, करडई होत नाही. दर दोन महिन्यांनी पोतंभर नेतो. पेंड घरी आणतो, म्हैस त्या दिवशी दूध काढताना हलत नाही.

९. उन्हाळ्याची वाळवणं

होळी झाली की आठ आठवडे मिळतात. पुढे अवकाळी. शेवया, उडदाचे पापड, सांडगे, खारोड्या आणि कुरडया. बाकी सगळं कुणीही शिकवेल, कुरडईचं तेवढं नीट सांगते, कारण ती बिघडली की पाच किलो गहू वाया जातो.

गहू तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी वाटून, भरपूर पाण्यात चोळून, फडक्यातून चीक गाळून घ्या. रात्रभर ठेवला की चीक तळाशी बसतो आणि वर पिवळं आंबूस पाणी येतं. ते हलक्या हाताने ओता. भांडं हललं की सगळं ढवळलं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी पातेल्यात उकळा, त्यात मीठ आणि हिंग, आणि चीक एका धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. या कामाला दोन बाया लागतात आणि दोघींचं पटत असावं लागतं. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा होतो. झाकण ठेवून एक वाफ, आणि गरम असतानाच सोऱ्यात. गार झाला की सोऱ्या फिरत नाही, दांडा मोडतो. आमचा मोडला आहे.

हे सगळं पहाटे चारला सुरू करून आठच्या आत संपवा. कुरडई पहिल्या उन्हात बसली पाहिजे. दुपारी ढग आले तर अर्धवट वाळलेली कुरडई घरात पंख्याखाली तरी सुटी राहते. ओली असली तर काळी पडते. लेकरांसाठी पातेल्यात वाटीभर चीक तूप-गुळासाठी ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पाट मांडायला कुणी येणार नाही.

१०. चिंच, तिखट, लोणचं

चिंच एप्रिलमध्ये फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे. मिरची मेमध्ये, देठासकट वाळवून मगच देठ काढा. काळं तिखट सहा महिन्यांचं एका वेळी. येसर, म्हणजे आमटीचा मसाला, मात्र वर्षाचं करू नका, वास उडतो. लग्नसराईच्या आधी एकदा केलं की आमटीला पुरतं.

लोणच्याला किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ. फोडी फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या, बरणी उन्हात तापवलेली, तेल कडवून गार करून फोडींवर बोटभर तरंगेल एवढं. पाऊस सुरू झाल्यावर कैरी घ्यायची तर झाडावरून उतरवलेली घ्या, पडलेली नको.

हल्ली परदेशातले व्हिडिओ बघून घेवडा, मटार, मका बाटलीत पाण्यासकट उकळून हवाबंद करायचं वेड आलं आहे. आमच्या धाकट्या जावेनेही बाटल्या मागवल्या होत्या. आंबट नसलेली भाजी अशी बंद केली तर तिच्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्याला शंभर अंशांच्या वर, दाबाखालची उष्णता लागते. हवा नसलेल्या बाटलीत ते जे विष तयार करतात त्याला ना वास ना चव. आपल्याकडे एप्रिलचं ऊन बेचाळीस अंशांवर जातं. भाजी त्याच्यावर टाका. त्या बाटल्यांत आता तीळ आणि जवस आहे.

११. घरातला हिशोब

मोठ्या घरात कामापेक्षा "कुणी किती केलं" यावर जास्त दिवस जातात. आम्ही कोठ्या वाटून घेतल्या आहेत. ज्वारी थोरल्या जावेकडे, डाळी माझ्याकडे, वाळवणं धाकटीकडे. ज्याच्या कोठीत कीड झाली त्याला कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी मिळून निवडायचं. हा नियम आत्याबाईंनी त्या तुरीच्या वर्षी घातला. घरातल्या पुरुषांकडे पोती उचलणं, मिल आणि घाणा. उरलेलं विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी करून घ्या. गटातून केली तर सोपं जातं.

आता पहिल्या पायरीतल्या वहीत एक दुरुस्ती करा. चौदा माणसांचं मोजून आम्ही नऊ क्विंटल ज्वारी ठेवली आणि दोन वर्षं लागोपाठ ती नवी ज्वारी यायच्या आधीच संपली. कोठीला भोक नव्हतं, उंदीर नव्हते. मग येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात भज्जी-आंबील घेऊन बसलो असताना दोघी नणंदा परतीच्या पिशव्या भरायला लागल्या : पायलीभर ज्वारी, मूग, डाळ, शंभर कुरडया, काळं तिखट. पुण्याच्या चुलत दिराची पिशवी वेगळी, आणि येळवशीला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी रिकाम्या हाताने जात नाही. आत्याबाई स्वतः माप घालतात आणि माप घालताना वर एक ओंजळ टाकतात. तेव्हापासून आम्ही चौदाच्या जागी अठरा माणसं धरतो, आणि वहीत त्या चार जणांच्या नावापुढे फक्त "पिशव्या" असं लिहितो.